कपडे दोरीवरून कधी आणले

"मावशी, दोरीवरचे कपडे तुम्ही कधी आणले?"

हवालदाराने विचारलेला प्रश्न एवढाच. बायकांना रोज कोणी ना कोणी असं काही विचारतच असतं. दूध कधी तापवलं, गॅस कधी बंद केला. आपण पटकन सांगून टाकतो. मीही सांगितलं, "रोजच्यासारखे संध्याकाळी, दिवे लागायच्या आत." त्याने ते लिहून घेतलं. मी सही केली. मग घरी येऊन भाकरी थापायला बसले आणि पहिली भाकरी तव्यावर टाकताना हात थांबला. रोज आणते हे खरं. पण त्या दिवशी आणले का?

आता सगळं सुरुवातीपासून सांगते, नाहीतर माझ्यासारखा तुमचाही गोंधळ होईल.

मी शिरवणे गावची. लग्न होऊन आले तेव्हा इथे शेतं होती. आता आमच्याच जागेवर आमचीच तीन मजली चाळवजा इमारत आहे. वरच्या मजल्यावर मी एकटी राहते, मधल्या मजल्यावर भाडोत्री आणि खाली रस्त्याला लागून माझ्या पुतण्याचं मोबाईलचं दुकान. पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या दिराचा मुलगा. तो बायकोमुलांना घेऊन उलव्याला टॉवरमध्ये राहायला गेला, दुकान मात्र इथेच ठेवलं. शाळा मी चौथीपर्यंतच शिकले. पण आमच्यातल्या लग्नाची गाणी वहीत उतरवता उतरवता लिहायची सवय लागली, ती लागलीच. म्हणून हे लिहिते आहे. बोलून बोलून तर मी आधीच घोळ घातलेला आहे, तो पुढे येईलच.

मधल्या मजल्यावरचे भाडोत्री म्हणजे साताऱ्याकडचे एक भाऊ. पन्नाशीचे. कांदा-बटाटा मार्केटात हमाली करायचे. त्यांच्यात टोळी असते, टोळीला मुकादम असतो. वडिलांच्या जागेवर मुलगा लागतो, तसे हे वडिलांच्या जागेवर लागलेले. टोळीतली जागा म्हणजे त्यांच्यासाठी गावाकडच्या जमिनीसारखीच. बायको-मुली गावी. माणूस पहाटे अंधारात कामाला जायचा, सकाळी साडेआठ-नऊला बटाट्याच्या मातीने माखून परत यायचा. आल्या आल्या अंगावरचे कपडे बादलीत, मग आंघोळ, मग कपडे पिळून गच्चीवरच्या दोरीवर. संध्याकाळी मी माझ्या कपड्यांबरोबर त्यांचेही काढायचे, घडी करून त्यांच्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवायचे. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण वरून दोरी उतरवायची आणि एकट्या माणसाचे दोन कपडे तिथेच ठेवायचे हे मला जमत नाही.

त्यांचे दोन शर्ट होते, एकाच कापडातले, निळ्या-पांढऱ्या चौकडीचे. बायकोने गावच्या शिंप्याकडून शिवून पाठवलेले. मी एकदा म्हटलंही, "भाऊ, वहिनींनी दुसरा रंग नाही का बघितला?"

"आक्का, येक तागा सस्तात मिळाला असंल. माझ्या पोरींचे परकरबी त्याच कापडाचे हायत."

आम्ही दोघंही हसलो होतो. त्या शर्टांचं पुढे काय होणार होतं कोणाला माहीत.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. आमच्याकडे मार्गशीर्षाचे गुरुवार म्हणजे घरादारात एक कण कचरा दिसता कामा नये. लक्ष्मी यायची असते. सकाळी सहाला मी केरसुणी घेऊन खाली उतरले. दुकानासमोर बघते तर रस्त्यावर पांढरे खडे सांडलेले, चमचमणारे. मला आधी वाटलं, कुणाच्या तरी पिशवीतून खडीसाखर सांडली. वाकून एक उचलला तर बोटाला टोचला. मग वर बघितलं. दुकानाचा काचेचा दरवाजा होता तिथे नुसती चौकट. शटर चार दिवस अडकलेलं होतं, मेस्त्री "येतो, येतो" करत होता, म्हणून पुतण्या नुसत्या काचेच्या दाराला कुलूप लावून जायचा. ती काच अख्खी खाली आलेली. आत शोकेसमध्ये मोबाईल नव्हते.

मी पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "निघतो, काकी. कशाला हात लावू नको."

मी "हो" म्हटलं. आणि फोन ठेवून झाडायला लागले.

आता तुम्ही हसाल. हवालदार मात्र चिडला. "दुकान फुटलंय, आणि तुम्ही झाडलंत?" पण मी काय करणार होते? साडेसहाला मासे विकणाऱ्या बाया तिथेच येऊन बसतात, बिनचपलेच्या. सातला अंगणवाडीची पोरं जातात. आणि गुरुवार. मी फक्त दुकानाच्या बाहेरचं झाडलं, आतल्याला हात लावला नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. सुपली वर राहिली होती. दोन जिने परत चढायचा कंटाळा. म्हणून केरसुणीने ढीग केला, पदराची झोळी केली, ओंजळ ओंजळ काच त्यात घेतली आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकली. पदर झटकला. खूप झटकला. बारीक बारीक चमकत उडत होतं, ते बघून मला मजा वाटली, हेही खरं सांगते.

आठच्या सुमाराला पुतण्या आला, पोलीस आले, पंचनामा सुरू झाला, गर्दी जमली. आणि मग मी तो घोळ घातला. हवालदार सहज विचारत होता, इथे कोणाचं काही भांडण वगैरे? मी बोलायला उभीच होते. म्हटलं, "भांडण असं नाही, पण परवा माझ्या भाडोत्र्यांची सायकल पुतण्याने दुकानासमोरून उचलून बाजूला फेकली, तर ते भाऊ 'बघून घेतो' म्हणाले." मी हे हसत हसत सांगितलं. गंमत म्हणून. सायकलीचं घंटीचं झाकण पडलं होतं, त्याच्यावरून दोन मोठी माणसं पोरांसारखी भांडली, याची मला गंमत वाटत होती.

हवालदार हसला नाही. त्याने वहीत लिहिलं.

दहाच्या सुमाराला पोलीस मधल्या मजल्यावर गेले. भाऊ जेवून झोपायच्या तयारीत होते. अंगात चौकडीचा शर्ट. दुसरा चौकडीचा शर्ट बादलीतून निघून नुकताच दोरीवर गेलेला, पाणी गळतंय. "आल्या आल्या कपडे का धुतले?" असं त्यांना विचारलं. रोज धुतात हो! मी जिन्यात उभी राहून ओरडले, "रोज धुतात!" पण माझं कोण ऐकतं. दोन पंच बोलावले, भाऊंच्या अंगातला शर्ट काढायला लावला. खाकी कागदाच्या पाकिटात घातला, लाखेचं सील केलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत का नाही, असं माझ्या मनात आलं. भर थंडीत तो माणूस बनियनवर उभा. मला बघून म्हणाला, "आक्का, ह्यो शर्ट सकाळी तुमीच कडीला अडकवला व्हता की. सांगा की ह्यांना."

मी म्हटलं, "हो, हो, मीच."

म्हणून तर हवालदाराने मला ठाण्यात बोलावून तो प्रश्न विचारला. आणि मी उत्तर दिलं, संध्याकाळी. रोजच्यासारखं.

आता याचा अर्थ काय, तो मला दुसऱ्या दिवशी पुतण्याकडून कळला. शर्ट आदल्या संध्याकाळीच कडीला लागला असेल, तर रात्री तो भाऊंकडेच होता, काच फोडताना तोच घालून कामाला जाताना दुसरा घातला असेल. शर्ट सकाळी आणला असेल, तर काच फुटली तेव्हा तो गच्चीत दोरीवर. भाऊंच्या अंगावर नव्हताच. एवढीशी गोष्ट. सगळं माझ्या एका शब्दावर, आणि मी तो शब्द भाकरीच्या पिठाएवढाही न मळता देऊन आले होते.

मी आठवायला बसले. बुधवारी संध्याकाळी शेजारच्यांकडे हळद होती. मी गाणी म्हणायला गेले होते, घसा बसला होता, एवढं आठवतं. हिरवी साडी नेसले होते, आठवतं. पण जायच्या आधी गच्चीत गेले का? डोळे मिटले की मी मला कपडे काढताना दिसायचे. चिमटे डब्यात टाकते आहे, पदराची झोळी करते आहे, कपडे झोळीत घेऊन जिना उतरते आहे. पण ती कुठली संध्याकाळ? मागची दहा वर्षं मी तेच करते आहे. सगळ्या संध्याकाळी एकमेकींवर घडी करून ठेवल्यासारख्या. त्यातली बुधवारची कशी ओढून काढू? आणि सकाळचं म्हणाल, तर गुरुवारी झाडून झाल्यापासून पोलीस येईपर्यंत मी कुठे होते, काय करत होते, कोणाला चहा दिला, काही म्हणजे काही धड आठवत नव्हतं. भाऊ म्हणतात सकाळी अडकवला. मी "हो, हो" म्हटलं. ते आठवून म्हटलं, की तो माणूस थंडीत कुडकुडत होता म्हणून म्हटलं?

पुन्हा ठाण्यात गेले. म्हटलं, "साहेब, मला नक्की नाही. सकाळीही आणले असतील."

"मावशी, काल संध्याकाळ, आज सकाळ. उद्या म्हणाल दुपार."

"दुपारी ऊन असतं, दुपारी कशाला आणीन?" मी म्हटलं.

तो कपाळाला हात लावून बसला. पण त्याने लिहून घेतलं, एवढं त्याचं चांगलंच म्हणायचं.

पुतण्या मात्र संतापला. दुकानात नवीन शटर लागत होतं, त्या खडखडाटात तो मला म्हणाला, "काकी, घरचा मानूस कोन तुझा? मी का तो?"

"तू घरचा. ते घरातले."

"शब्दांचा खेल करू नको. माझं दुकान गेलंय. अन् तू भारोत्र्यासाठी जबाब बदलतंस?"

"मला आठवत नाय, तं नाय सांगनार?"

"आठवत नाय तं गप बसायचं ना!"

हे त्याचं बरोबरच होतं. पण गप बसणं मला आधी जमलं नाही, तर नंतर कसं जमणार?

त्याच दिवशी धरून नेलेले भाऊ जामिनावर सुटून आले. पण मुकादमाने सांगितलं, नाव साफ होईपर्यंत टोळीत येऊ नको. त्यात त्याचा राग नव्हता, मार्केटात सगळा कारभार विश्वासावर, गाळ्यांच्या चाव्यासुद्धा यांच्या हातात. भाऊ दिवसभर खोलीत बसून राहायचे. पहाटे अंधारात जाग यायची, मग मला वर ऐकू यायचं, ते उठून पाणी तापवायचे आणि कुठेच न जाता परत बसायचे.

मग एक दिवस प्रयोगशाळेतल्या मॅडम आल्या. पोरगीच हो, माझ्या नातीच्या वयाची. पुन्हा जागा बघायला आल्या होत्या. मी त्यांना वर चहाला बोलावलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कोणीतरी सगळं नीट सांगितलं. काच फुटते तेव्हा तुकडे सगळे पुढेच जात नाहीत, म्हणाल्या, काही बारीक कण मागे उलटे उडतात, फोडणाऱ्याच्या अंगावर येतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. कपड्याच्या विणीत बसतात, खिशात, शिवणीत. चालताना गळून जातात, धुतले की जातात. म्हणून कपडे झटकायचे नाहीत, कागदात घालायचे.

"आणि भाऊंच्या शर्टात सापडली का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ते रिपोर्टमध्ये येईल, आजी."

त्यांच्या त्या कप ठेवण्यावरूनच मला कळलं, सापडली.

म्हणजे केलंच यांनी? ज्या माणसाचे कपडे मी घडी करून ठेवले, त्यांनी माझ्या घराची काच फोडली? आणि मग एकदम माझ्या तोंडून निघालं, "पण मॅडम, काच तर माझ्याही अंगावर असणार. मी पदरात भरली होती."

त्या सावरून बसल्या. "पदरात?"

मी झोळी करून दाखवली. मग कपडे आणते तेही करून दाखवलं. तीच झोळी. मॅडमनी वही उघडली. मग म्हणाल्या, "ती साडी कुठे आहे?"

आता इथे माझी दुसरी चूक. पोलीस काच काच करताहेत हे ऐकून त्या गुरुवारीच मी घाबरले होते आणि ती साडी दोन पाण्यातून काढली होती, चांगली आपटून. मला वाटलं, माझ्यावर नको. मॅडमना हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तरी साडी मागितली. मी कपाटातून काढून दिली. त्यांनी टेबलावर कागद पसरला, साडी उलगडली, आणि पदराच्या टोकाशी येऊन थांबल्या. "ही गाठ कसली?"

गाठ म्हणजे, तिथे कपाटाची किल्ली बांधलेली असायची. किल्ली काढली तरी गाठ मी पूर्ण सोडत नाही, पुन्हा किल्ली खोचायला सोपं जातं. धुताना ती तशीच घट्ट बसली होती. मॅडमनी ती सोडली नाही, तशीच साडी पाकिटात घातली, पंच बोलावून सील केली. जाताना मी विचारलं, "ही काच आमच्याच दाराची, हे तुम्हाला कसं कळतं? काच तर सगळी सारखीच."

त्या म्हणाल्या, एका खास तेलात काचेचा कण टाकतात आणि तेल तापवतात. एका ठरावीक उष्णतेला ती काच तेलात दिसेनाशी होते. असते तिथेच, पण दिसत नाही. वेगवेगळ्या काचा वेगवेगळ्या वेळी दिसेनाशा होतात, त्यावरून जुळवतात.

मला हे इतकं नवल वाटलं की मी त्या रात्री जेवताना वाटीत खोबरेल तेल घेतलं आणि फुटक्या ग्लासचा एक तुकडा टाकून बघितला. दिसतच होता. गॅसवर धरला, तरी दिसत होता. वाटी मात्र काळी झाली.

रिपोर्ट यायला फार दिवस लागले. आंबे येऊन गेले. मग ठाण्यातून कळलं ते असं: शर्टातले कण दुकानाच्या दाराच्या काचेशी जुळतात. साडीच्या गाठीत सापडलेले कणही जुळतात. शर्टावर कण कसे आले, हे सांगता येत नाही.

"म्हणजे काय, साहेब?" मी विचारलं.

"म्हणजे तुमच्याकडून आले असतील, नाहीतर त्याच्याकडून."

"पण नक्की काय?"

"मावशी, ते तुम्हीच सांगायचं होतं."

मोबाईल कोणाकडेही सापडले नाहीत. दुसरा काही पुरावा नव्हता. भाऊंवरची केस काही पुढे गेली नाही. मी धावत सांगायला गेले, आता टोळीत जा म्हणून. ते गेले आणि तासाभराने परत आले.

"मुकादम म्हंतो, सुटलास. साफ न्हाई झालास."

मी म्हटलं, "असं कसं? गाठीत सापडली ना काच."

ते सामानाची बांधाबांध करत होते. नावड्याला एका गोदामात वॉचमनचं काम मिळत होतं, तिथेच राहायची सोय. बांधता बांधता हात थांबवून त्यांनी विचारलं, "आक्का, तुमास्नी काय वाटतं? म्या केलं?"

"मी पोलिसांना सांगितलं की, सकाळीही आणले असतील..."

"पोलिसास्नी सांगितलं. मला सांगा."

काय सांगणार होते? तुम्ही असे नाही, असं म्हणायला जीभ उचलली होती. पण मी त्या माणसाला खोटं सांगू शकले नाही. म्हटलं, "भाऊ, मला खरंच आठवत नाही हो."

"बरं," ते म्हणाले. राग नाही, काही नाही. पोलिसांनी परत दिलेला चौकडीचा शर्ट त्यांनी सगळ्यात वर ठेवला आणि पिशवीची चेन लावली.

नंतर मला कोणी विचारलं की मधली खोली रिकामी का, तर मी सांगायचे, ते गावी गेले. दोरीवरचे कपडे काढताना हात आपोआप दुसऱ्या टोकाला जायचा. तिथे कोणाचंच काही नसायचं.

यंदाचा मार्गशीर्ष तोंडावर आला. पहिल्या गुरुवारच्या दोन दिवस आधी मी ट्रंकेतून पूजेचं सामान काढलं. कलश, चौरंग, चौरंगावर घालायचं लाल अस्तराचं वस्त्र. हे वस्त्र फक्त मार्गशीर्षातच निघतं. उलगडलं तर मधोमध तेलाचा पिवळट डाग. आणि तो डाग बघता बघता मला एकेक आठवायला लागलं.

गेल्या वर्षी तिसऱ्या गुरुवारी समई कलंडली होती. त्याचा हा डाग. तो काढायला मी शेवटच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, वस्त्र साबणाने धुतलं होतं. डाग गेला नाही. वस्त्र जाड, अस्तराचं, थंडीचे दिवस. संध्याकाळी हळदीला जायच्या आधी हिरवी साडी नेसून मी गच्चीत गेले होते. गेलेच होते! वस्त्राला हात लावला तर ओलसर. मी स्वतःशी म्हटलं होतं, राहू दे, दोन खेपा कशाला, सगळंच सकाळी नेईन. चिमटा परत लावला होता. चिमट्याचा तो थंड स्पर्शसुद्धा आठवला.

आणि सकाळी? सकाळी झाडून वर आले, पूजेची वेळ होत आली, वस्त्र हवं होतं म्हणून आधी गच्चीत गेले. दोरी अख्खी उतरवली. वस्त्र, माझी दोन पोलकी, भाऊंचा शर्ट. पदराच्या झोळीत. शर्ट कडीला अडकवला, वस्त्र देवापाशी ठेवलं, मग आंघोळ, मग साडी बदलली. मग पोलीस आले म्हणून खाली गेले. वर्षभर सगळे मला शर्टाबद्दल विचारत होते. वस्त्राबद्दल कोणी विचारलंच नाही, मग मला तरी कसं आठवणार?

पण लगेच शंका. माझ्या डोक्याचा काय भरवसा? भाऊ निर्दोष असावेत असं मला वाटतं, म्हणून तर मी हे आठवत नसेन? मी चष्मा लावला, मॅडमनी पसरला होता तसा कागद पसरला आणि वस्त्र त्याच्यावर हळूच झटकलं. तांदळाचे चार दाणे पडले. वाळलेलं हळदीकुंकू पडलं. आणि अस्तराच्या शिवणीतून एक पांढरा खडा पडला, तिळाएवढा.

खडीसाखर असणार. नैवेद्याला खडीसाखर असतेच. मी तो खडा नखाने फिरवला. चमकत होता. खडीसाखरही चमकते. तोंडात टाकून बघायची सोय नव्हती. शेवटी स्टीलची वाटी घेतली, पाणी घातलं, खडा टाकला आणि समोर बसले.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. चमच्याने हलवलं. थोडं कोमट पाणी घातलं. अर्धा तास झाला. खडा होता तिथेच होता, तेवढाच.

पुतण्याला वर बोलावलं. त्याने वाटीत डोकावून बघितलं. "ह्ये काय हाय?"

मी सगळं सांगितलं, डाग, ओलं वस्त्र, चिमटा. त्याने चमच्याने खडा टोकरून बघितला. मग म्हणाला, "तुझ्या हातालाबी लागली असंल. पूजा करताना पडली असंल."

"आंघोळ केली होती रे. साडी बदलली होती."

"नक्की?"

मी तोंड उघडलं आणि पुन्हा तो गोंधळ सुरू झाला. बदलली होती ना? गुरुवारची पूजा मी नेसत्या साडीने कधीच करत नाही. पण कधीच नाही, रोज, नेहमी, हे शब्द मी एकदा वापरले होते आणि एका माणसाची टोळी गेली होती. मी थांबले. मग म्हटलं, "ते नक्की नाय. पन कपडे सकाळीच आनले, ते नक्की. वस्त्र ओलं होतं."

पुतण्याने वाटी हातात घेऊन खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवली, परत आणून ठेवली. "पोलिसांकडं जाशील?"

"ते माझ्यावर हसतील. जाईन तरी. पन आधी फोन लाव. माझ्याकडे त्यांचा नंबर हाय, पन मला दिसत नाय."

खरं म्हणजे दिसत होता. त्यानेच लावावा असं मला वाटत होतं. त्याने लावला आणि वाजायला लागल्यावर माझ्या हातात दिला.

"कोन?"

"भाऊ, मी शिरवण्याची आक्का. तुम्ही जाताना विचारलं होतं ते..."

"बोला की, आक्का."

"शर्ट दोरीवर होता. पहाटे तुमच्या अंगात नव्हता. मी सकाळी आणला. मला आठवलं."

पलीकडून ट्रक मागे घेताना वाजतो तसा आवाज येत होता. तो बंद झाला.

"आता आटवलं व्हय?" ते म्हणाले. मला वाटलं हसले. नक्की नाही सांगता येत.

"उशीर झाला हो."

"मुकादमाला सांगाल का?"

"उद्या सकाळीच येते मार्केटात. वाटी घेऊन येते."

"वाटी कसली?"

मी सांगायला लागले, डागापासून. पुतण्या समोर उभा होता. त्याने वाटीवर एक बशी झाकली, सांडू नये म्हणून, आणि हळूच म्हणाला, "काकी, रिक्षाने पानी हिंदकळंल. सकाळी मी सोडतो तुला गारीने."